सासूबाईंचा रक्तगट

देवळाली प्रवरा
५ जून १९९६

भाऊसाहेब सर यांस,

जय भीम. नवऱ्याला कुणी सर म्हणत नाही, हे मला कळतं. पण सगळं कोल्हार तुम्हाला सर म्हणतं, मग मी एकटीनेच वेगळं काय म्हणायचं?

तुमचं पत्र मिळालं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसकट. बायकोला पत्र रजिस्टर करून पाठवणारा माणूस आमच्या पोस्टमनने पहिल्यांदाच पाहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख, डावीकडे समास सोडलेला, मुद्द्यांना आकडे घातलेले. पहिला मुद्दा, पोटातलं मूल जगणार नाही. दुसरा मुद्दा, म्हणून ते वीस आठवडे व्हायच्या आत काढून टाकावं, डॉक्टर तुम्ही ठरवून ठेवलेत. तिसरा मुद्दा, त्यानंतर आपण राजीखुशीने वेगळं व्हावं, कारण दोष माझ्या रक्तात आहे आणि त्याला तुमचा इलाज नाही. शेवटी, प्रकृतीची काळजी घे. एवढा मायाळू शेवट मी कुठल्याच नोटिशीत वाचलेला नाही.

अण्णांना वाचून दाखवलं. माझे वडील तुम्हाला माहीत आहेत, जावयाबद्दल वावगा शब्द काढत नाहीत. म्हणाले, "लई शिकल्याला मानूस हाय." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

तुमच्या घरात मला दोन वर्षं झाली, आणि माहेरी येऊन तीन आठवडे. येताना तुम्ही म्हणालात, हवापालट होईल. हवापालटाच्या तिसऱ्याच दिवशी शिर्डीच्या कुठल्याशा हॉटेलातल्या मॅनेजरची मुलगी तुम्ही बघून आलात, हे मला इथे बसून कळलं. मुलगी सालस आहे म्हणतात. तिचं रक्त तपासून घेतलंत का?

आता कामाचं लिहिते. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या गुरुवारी माझं रक्त तपासलं. मी ओ निगेटिव्ह, हे तुम्हाला आणि मला माहीतच होतं. नवीन एवढंच की माझ्या रक्तात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या आहेत. प्रमाण एकास सोळा. पोटातलं मूल पॉझिटिव्ह असेल तर माझंच रक्त त्याचं रक्त फोडत राहील. बाईंनी विचारलं, याआधी दिवस राहिले होते का, पडलं का, पाडलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तुमच्या घरात दोन वर्षं राहून एवढं तरी शिकले.

त्यांना तुमचा रक्तगट हवा आहे. आणि तुमच्या आईवडिलांचाही. मामांजी हयात नाहीत, पण आत्याबाई आहेत. एका ओळीत कळवा, समास सोडला नाही तरी चालेल.

यशोधरा


१२ जून १९९६

सर,

तुमचं उत्तर आलं. "माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह. वडिलांचा माहीत नाही. आईची तपासणी कधीच झालेली नाही." आणि खाली अधोरेखित करून, "बाप पॉझिटिव्ह आणि आई निगेटिव्ह असता मूल पॉझिटिव्हच होणार, यात शंका नाही."

शंका आहे. मी बारावी, तुम्ही बीएस्सी बीएड, तरी शंका आहे. दहावीच्या पोरांना तुम्ही उंच आणि बुटक्या वाटाण्याची झाडं शिकवता ना? डॉक्टरीणबाईंनी मला तेच शिकवलं, फुकट. माणसाला एक गुण आईकडून येतो आणि एक बापाकडून. तुमच्याकडे दोन्ही पॉझिटिव्ह असतील, तर आपलं प्रत्येक मूल पॉझिटिव्ह. पण तुमच्या आईवडिलांपैकी एकजण जरी निगेटिव्ह असेल, तर तुमच्याकडे एक हा आणि एक तो. मग मूल निम्म्या वेळा पॉझिटिव्ह, निम्म्या वेळा निगेटिव्ह. निगेटिव्ह असेल तर माझं रक्त त्याला बोटही लावणार नाही.

म्हणजे हे मूल मरणारच, की त्याला आठाण्यांची संधी आहे, हे तुमच्या आईच्या एका थेंबावर ठरतं. बाई म्हणाल्या, "मी तुला ठेव म्हणणार नाही आणि पाड म्हणणार नाही. ते तू ठरवायचंस. पण अंदाजाने ठरवू नकोस." चोवीस तारखेला वीस आठवडे पुरे होतात. त्याच्या आत ठरवायचं आहे.

या खेपेला मी बाईंना खरं सांगितलं. तुम्हालाही लिहिते, कारण तुमच्या पत्रात 'तुझ्या रक्तातला दोष' चार वेळा आला आहे. मी मोजले.

मार्च पंच्याण्णव. लग्नाला दहा महिने झालेले, मला चौथा संपत आलेला. सोनोग्राफी करून आलो, तुम्ही दारात सायकल लावत म्हणालात, मुलगी आहे. पुढचं सगळं आत्याबाई बोलल्या, तुम्हाला काही बोलावंच लागलं नाही. असं बघायला कायद्याने बंदी आहे, हे त्याच्या आदल्या जयंतीला स्टेजवरून तुम्हीच ठणकावून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण आपल्या लोकांची नाही म्हणता ना तुम्ही? तुम्हाला मात्र चपखल बसते.

पहिलटकरणीचं पोट पाडायचं म्हटलं की दवाखान्यात चार प्रश्न विचारतात. तीन लेकरांच्या आईला कुणी काही विचारत नाही, उलट शहाणी म्हणतात. म्हणून आत्याबाईंनी डोकं चालवलं. शेजारच्या घरातल्या दगडाबाई, तुमच्या चुलतभावाची बायको, त्यांना तीन लेकरं. त्यांच्या बाळंतपणाचं कार्ड मागून आणलं आणि त्या दिवसापुरती मी दगडाबाई झाले. कार्डावर रक्तगट होता बी पॉझिटिव्ह. मी आत्याबाईंना म्हटलं, माझं रक्त वेगळं आहे. त्या म्हणाल्या, "लगीन लागलं की बाईचं रगत घराचं हुतं. एका घरच्या सुना तुमी, कागद कुनाचाबी चालंल."

त्या कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांचं मी तेव्हा सोडून दिलं. तुमचं सोडलेलं नाही. दवाखान्याच्या दारात मी तुमची बाही धरून म्हटलं, डॉक्टरांना सांगा मी निगेटिव्ह आहे. तुम्ही बाही सोडवून घेतलीत आणि म्हणालात, "आता बोललीस तर आपण सगळे आत जाऊ. दगडाबाईसुद्धा." आत नर्सने विचारलं, ब्लड ग्रुप? तुम्ही म्हणालात, "कार्डावर आहे."

दोन शब्द. माझ्या रक्तातला दोष तो एवढाच आहे.

तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. आपण भेटलो कुठे? त्र्याण्णवच्या जयंतीला, रक्तदान शिबिरात. हातात छडी घेऊन तक्त्यासमोर उभे राहून तुम्ही आम्हा मुलींना सांगत होता. बाई निगेटिव्ह असली आणि पोटातलं मूल पॉझिटिव्ह, तर बाळंतपणानंतर किंवा गर्भ पडल्यानंतर बहात्तर तासांच्या आत एक इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे पुढच्या मुलाला धोका नाही. मी पहिल्या ओळीत बसून वहीत लिहून घेतलं. शेजारच्या मुलीला म्हटलं, किती छान समजावतात.

बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. त्या तीन दिवसांत तुम्ही शाळेत गेलात, चाचणीचे पेपर राहिले होते ते तपासलेत, तालुक्याला शिक्षक संघटनेच्या बैठकीला जाऊन आलात. मी पडवीत पडून होते. चौथ्या दिवशी विचारलं, ते इंजेक्शन? तुम्ही म्हणालात, वेळ गेली आता, आणि एका वेळेने काही होत नसतं.

माझंही लिहिते. त्या तीन दिवसांत मला ते इंजेक्शन आठवत होतं. रोज आठवत होतं. तुम्ही आणाल असं मी मनाला सांगत होते, पण खरं कारण ते नाही. बोलले असते तर या घरात माझी जागा काय राहिली असती, ही भीती होती. आणि पुढच्या खेपेला मुलगा होईल, मग सगळं मिटेल, असंही मनात आलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. आपल्या दोघांत कुणाला तरी वाटायला हवी.

आत्याबाईंना नगरला घेऊन या. पुन्हा मागणार नाही.

यशोधरा


१९ जून १९९६

सर,

तुम्ही आला नाहीत. मी आत्याबाईंच्या नावाने वेगळं पत्र टाकलं होतं, तेही तुमच्याच हातात पडलं असणार. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे तुम्ही त्यांना काय वाचून दाखवलंत ते तुम्हीच जाणे.

काल सकाळी मी ठरवून टाकलं होतं की हे मूल ठेवायचं नाही. तुमच्या दुसऱ्या मुद्द्यापुढे मान तुकवून नाही. फोडलेल्या रक्ताचं, सुजलेलं, जेमतेम चार श्वास घेणारं लेकरू मला जन्माला घालायचं नव्हतं, म्हणून. नगरच्या बाईंकडेच जाणार होते, माझ्या स्वतःच्या नावाने. आईने पिशवीत दोन लुगडी भरली होती.

दुपारी दगडाबाई आल्या. पिशवी बघून दारातच बसल्या. कार्ड दिलं तेव्हापासून त्यांना झोप लागत नाही म्हणाल्या, पाणीही घेईनात. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी कार्ड दिलं नसतं तर त्यांचं त्या घरात काय झालं असतं, हे मला ठाऊक आहे. मी फक्त विचारलं, आत्याबाईंना लेकरं किती झाली हो? तुम्ही एकुलते एक, एवढंच मला दोन वर्षांत सांगितलं होतं.

दगडाबाई म्हणाल्या, "पाच झाली की. भाऊसाहेब भावजी पयले. त्याच्या मागं चार गेली. दोन तर पोटातच गेली. दोन जल्मली आन दुसऱ्या दिशी हळदीवानी पिवळी पडून गेली. लोक म्हनायचे सटवाईनं नेली. मामांजी लई मारायचे आत्याबायींना."

मी म्हटलं, आत्याबाईंची तपासणी कधी झाली नाही?

"न व्हायला काय झालं? चार वर्सांमागं पिशवीचं आप्रेशन झालं न्हाई का नगरला? रगत सापडंना. भावजी दोन दिस हिंडत हुते सायकल घेऊन, ह्या बँकेत, त्या बँकेत. म्हनायचे आईचं रगत लई दुर्मिळ हाय."

लई दुर्मिळ. हे मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

सर, तुम्ही दोन दिवस नगरभर आईसाठी निगेटिव्ह रक्त शोधत होता. ते रक्त तुम्ही विसराल? पगाराची तारीख विसराल एक वेळ. तुम्हाला माहीत होतं. वाटाण्याची झाडं फळ्यावर काढता तेव्हाही माहीत होतं की त्या चौकोनात तुम्ही स्वतः कुठे बसता. या मुलाला निम्मी संधी आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने मला लिहिलं, "यात शंका नाही." खाली रेघ ओढून.

का लपवलंत, याचाही विचार केला. माझ्या रक्तात दोष आहे असं म्हटलं की शिर्डीवाले खूश. तुमच्या आईची चार गेली, त्यांचं रक्त तेच, असं म्हटलं की शिर्डीवाले म्हणतील, हे घरातच आहे, आपली मुलगी कशाला द्या. त्यांना ते तसं नसतं हे समजावता आलं असतं. पण त्यासाठी तुम्हाला खरं बोलावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट आता कळली. शिबिरात माझं कार्ड हातात घेऊन तुम्ही म्हणाला होता, "ओ निगेटिव्ह? वा!" मला वाटलं मीच आवडले. त्याच्या आदल्याच वर्षी तुम्ही आईच्या रक्तासाठी दारोदार हिंडला होता. घरात एक भरलेली बाटली असावी, म्हणून तुम्ही मला मागणी घातलीत. नाही म्हणा. तुमचं नाही मला आता ऐकायला आवडेल.

पिशवीतली लुगडी आईने परत ठेवली. दगडाबाई शनिवारी आत्याबाईंना नगरला घेऊन येणार आहेत. तुम्हाला सांगतील की कांद्याचं बी आणायला चाललो. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात, तेव्हा तुम्ही ओळखालच. पण हे पत्र मी शनिवारीच पेटीत टाकणार, ते तुम्हाला सोमवारशिवाय मिळायचं नाही.

यशोधरा


२४ जून १९९६

सर,

आज वीस आठवडे झाले.

शनिवारी आत्याबाई आल्या. त्यांना वाटत होतं की सुनेच्या पोटातलं गेलं, आणि आपल्याला समजूत घालायला बोलावलंय. मला बघून पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघितलं आणि दगडाबाईंना म्हणाल्या, "हाय की अजून." त्यात आनंद होता की धास्ती, मला कळलं नाही. तुमच्या आईबद्दल मला काही चांगलं लिहायचं नाही. माझी मुलगी त्यांनी पाडली. त्या दिवशी परत येताना टेम्पोत त्यांनी मला उसाचं कांडं सोलून दिलं होतं, तोंडाला बरं वाटेल म्हणून, ते मी अजून विसरलेली नाही.

तरी त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी चार लेकरांचं ऐकल्यावर रक्तगटाबरोबर दुसरीही तपासणी सांगितली. आम्ही तिघी बाकावर बसलो. दीड तासाने बाईंनी आत बोलावलं.

ओ निगेटिव्ह. ते दगडाबाईंना विचारूनच मला कळलं होतं, पण कागदावर हवं होतं. आणि दुसरं असं की त्यांच्या रक्तातही त्याच अँटिबॉडी आहेत, जशा माझ्या. वीस-पंचवीस वर्षं झाली, अजून आहेत. डॉक्टरीणबाईंनी ते आत्याबाईंना अगदी साध्या शब्दांत सांगितलं. तुमचं रक्त वेगळं, मालकांचं वेगळं. पहिल्या मुलाला काही होत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी तुमच्या रक्ताला त्याच्या रक्ताची ओळख होते, आणि पुढच्या लेकरांना ते शत्रू समजतं. म्हणून ती पिवळी पडली. कुणी नेली नाहीत आणि कुणाचा शाप नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी सटवाईनं न्हाई नेली. मीच खाल्ली."

बाई म्हणाल्या, असं नाही आजी, तेव्हा त्याची सुई खेड्यापाड्यांत आलेलीच नव्हती, तुम्ही काय करणार होता?

"आन आता मिळती ती सुई?"

"मिळते."

"मंग हिला का न्हाई दिली?"

दगडाबाईंनी पदर तोंडात धरला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आत्याबाई, कागद दगडाबाईंचा होता.

सर, तुम्ही तुमच्या आईचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. हा क्षण मी वर्षभर मनात कितीदा घोळवला होता, त्यांना कळेल तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल म्हणून. बरं वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "भाऊसाहेबाला ठावं हुतं?" मी म्हटलं, हो, सगळं. तुमच्या आप्रेशनपासून.

मूल निगेटिव्ह असेलच असं नाही. बाईंनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. निम्मं निम्मं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. आकडा चढत गेला तर समजायचं मूल पॉझिटिव्ह आहे, मग पुण्याला जावं लागेल, वेळेच्या आत बाळंत करून बाळाचं सगळं रक्त बदलावं लागेल, तेही जमेल न जमेल. आकडा जागेवर राहिला तर आशा धरायची. मी म्हटलं, ठेवते. कुणाच्या सांगण्यावरून नाही. मागच्या वेळी मी कुणाच्या तरी नावाने आडवी झाले होते, या वेळी माझ्या नावाचं कार्ड काढलंय.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, आजी, कोल्हार का? आत्याबाई म्हणाल्या, नाही, हिच्याबरोबर फॅक्टरीच्या थांब्यावर उतरायचंय. त्या माझ्या मागे माझ्या माहेरी आल्या. मी बोलावलं नव्हतं. अण्णांनी बाज बाहेर टाकून दिली.

यशोधरा


८ सप्टेंबर १९९६

सर,

तुमचं पत्र आत्याबाईंना आलं. त्यांना वाचता येत नाही हे तुम्ही विसरलात, की इथे वाचून दाखवणारी मीच आहे हे विसरलात? मी वाचून दाखवलं. तुमच्यासारखं गाळून नाही, स्वल्पविरामासकट.

"आई, तू सुनेच्या माहेरी राहतेस याने माझी शाळेत मान खाली जाते. लवकर परत ये. तुझा तपासणीचा कागद कुणाला दाखवू नकोस, माझ्याकडे पाठवून दे. तिच्या मागे लागून तू आपल्या घराची शोभा करत आहेस." त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या भाकरी थापत होत्या, तिसरं वाक्य आलं तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, कागद कुठं ठिवलाय? मी म्हटलं, माझ्या फायलीत. त्या म्हणाल्या, तिथंच असू दे.

शिर्डीचं फिसकटलं असं ऐकते. दगडाबाईंनी काही सांगितलं म्हणून तुम्ही तुमच्या चुलतभावाकडून त्यांना दटावलंत, हेही ऐकलं. मुलीचा बाप स्वतःच कोल्हारला येऊन चौकशी करून गेला. त्याने दगडाबाईंना विचारलं, पहिलीचं काय झालं? त्यांनी झालं ते सांगितलं. हॉटेलात रोज हजार माणसं बघणाऱ्याला एक माणूस ओळखायला किती वेळ लागतो?

माझा आकडा अजून सोळावरच आहे. सहा तपासण्या झाल्या, एका घराने वर गेला नाही. डॉक्टरीणबाई हसत नाहीत, पण परवा मला पेरू दिला खायला.

आत्याबाईंचं आणि माझं सख्य झालंय असं समजू नका. त्या माझे पाय चेपतात, मी चेपू देते, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. दोन्ही होतं. एकदा दळण निवडताना त्या म्हणाल्या, तुझी पोरगी कुनावानी झाली असती गं? मी उठून आत गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही यायचं म्हणता. कशाला? तुमचा रक्तगट आम्हाला कळलेला आहे.

यशोधरा


पोस्टकार्ड
२६ ऑक्टोबर १९९६

श्री. भाऊसाहेब सर, विज्ञान शिक्षक, हायस्कूल, कोल्हार

या वेळी कार्ड टाकते आहे आणि शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. पाकीट असलं की तुम्ही ते वाचून खिशात घालता. हे पोस्टमन वाचील, शिपाई वाचील, हेडमास्तर वाचतील, मग तुमच्याकडे येईल. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

मंगळवारी बाळंत झाले. मुलगी. वजन अडीच किलो. रक्तगट ओ निगेटिव्ह, तुमच्या आईचा. रक्त बदलावं लागलं नाही, काही करावं लागलं नाही.

आत्याबाई चार दिवस पाळण्यापाशी बसून होत्या. दर घटकेला बाळाची पापणी बोटाने वर करून डोळ्याचा पांढरा भाग बघायच्या, तळपाय उन्हात धरून बघायच्या. त्यांची दुसऱ्या दिवशी पिवळी पडली होती. नर्स रागावली तरी उठल्या नाहीत. आज सकाळी पापणी सोडून दिली, "पांढरंच हाय" म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मी विचारलं, कोल्हारला कार्ड टाकते आहे, काही निरोप सांगायचाय? त्यांनी सांगितलं तसं लिहिते, माझं एक अक्षर नाही:

"त्याला लिही, माझी चार गेली असं मी समद्यांना सांगत हुते. सा गेली. चार माझी, पाचवी हिची मी घालवली, आन सहावा तू."